कोरी निघालेली अंडी

बेकरीत तिला सगळे अंडेताई म्हणायचे. सव्वीस वर्षं तिनं केकच्या विभागात अंडी फोडली होती. दोन्ही हातांत एकेक अंडं, वाटीच्या काठावर टक् करून आपटायचं, अंगठ्यानं उघडायचं, वाटीत बघायचं आणि मगच मोठ्या पातेल्यात ओतायचं. नवीन आलेल्या पोरी थेट पातेल्यातच फोडायला जायच्या. मग ती त्यांच्या हातावर हलकीशी चापट मारून सांगायची, "आधी वाटीत गं बाई. एक नासकं निघालं तर सगळं पातेलं मोरीत जाईल."

घरी मात्र ती धाकटीच राहिली. पन्नाशी उलटली, जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागले, तरी तिचा दादा चारचौघांत तिला धाकटी म्हणूनच हाक मारायचा आणि तिलाही ते आवडायचं. आई लवकर गेली होती. वडील पाण्याच्या टाकीवर कामाला होते. तिची वेणी घालण्यापासून ते शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं सहा वर्षांनी मोठ्या दादानंच केलं होतं. वेणी वाकडी व्हायची, पण रोज व्हायची.

वडिलांना टर्क्या पाळायचा नाद होता. घरामागच्या मोकळ्या जागेत सात-आठ टर्क्या असायच्या. त्यांची अंडी ते खुडूक कोंबड्यांखाली उबवायला ठेवायचे, आणि ते काम धाकटीकडे असायचं. कुठली कोंबडी नेटानं बसेल, कुठली दोन दिवसांत उठून जाईल, हे तिला कोंबडीच्या नुसत्या बसण्यावरून कळायचं. कुणी पाहुणा आला आणि पिल्लांचं कौतुक करू लागला, की वडील म्हणायचे, "माझं काही नाही हो त्यात. मी दाणे टाकतो. हात आमच्या धाकटीचा." दादा तेव्हा पाण्याच्या बादल्या भरत असायचा.

वडील गेल्यावर दादानं टर्क्या शहराच्या कडेला एका मोठ्या जागेत नेल्या आणि नादाचा धंदा केला. चांगला केला. टर्की हवी असली की लोक त्याचंच नाव घ्यायचे. धाकटीचं लग्न लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका गमत्या माणसाशी झालं, ती बेकरीत लागली, आणि टर्क्यांचा विषय तिच्यापुरता मिटला.

दादाची बायको म्हणजे धाकटीची शाळेतली मैत्रीण. वर्गात सगळ्यांपेक्षा एक वीत उंच, म्हणून तिला लांबी म्हणायचे. धाकटीच तिला पहिल्यांदा घरी घेऊन आली होती. दादा तिच्याकडे बघून चहात मीठ घालतोय, हे पहिल्यांदा पाहिलं तेही धाकटीनंच. लग्नात तिनं दोन्हीकडून धावपळ केली. एवढं होऊनही "वहिनी" हा शब्द तिच्या तोंडात कधी बसला नाही. ती आपली "अगं लांबे" म्हणायची, आणि लांबीही तिला "बोल गं बुटके" म्हणायची.

मग बेकरीत नवी यंत्रं आली. पावाचं पीठ फुगवायचं जुनं कपाट मालकानं अंगणात काढून ठेवलं. माणसाच्या छातीएवढं उंच, आत जाळीचे कप्पे, खाली पाण्याचा ट्रे, दाराला काच. आत ऊब आणि ओलावा धरून ठेवायचा, एवढंच त्या कपाटाचं काम. धाकटी दोन दिवस त्याच्याकडे जाता-येता बघत होती. तिसऱ्या दिवशी तिनं मालकाला विचारलं. मालक म्हणाला, "न्या ताई, भंगारातच जाणार होतं."

ते कपाट घरी आलं तेव्हा नवरा म्हणाला, "माझ्यासाठी जागा नाही म्हणून माझं टेबल गेल्या वर्षी माळ्यावर गेलं. याच्यासाठी बरी जागा झाली!" पण बोलता बोलता त्यानं पेचकस हातात घेतला. ऊब नेमकी साडेसदतीसवर राहावी म्हणून आपोआप चालू-बंद होणारं बटण बसवलं, हवा आत फिरावी म्हणून छोटा पंखा बसवला, काचेतून दिसेल असा तापमापक लावला. आठवडाभर ते कपाट रिकामंच चालू ठेवलं. पारा जागचा हलला नाही.

धाकटी दादाकडे गेली. म्हणाली, "दादा, बारा अंडी दे मला. घरी उबवून बघते. बेकरी सोडल्यावर करायला काहीतरी हवं."

दादा एक क्षण थांबला. मग मोठ्यानं हसला. "अगं, मागायचं काय त्यात? घरचीच आहेत." त्यानं लांबीला हाक मारली. लांबी आत गेली आणि बारा अंडी कागदात एकेक गुंडाळून घेऊन आली. कोंबडीच्या अंड्यांपेक्षा मोठी, सायीच्या रंगाची, वर तपकिरी ठिपके. दादानं सगळं नीट समजावून सांगितलं. अठ्ठावीस दिवस लागतात. दिवसातून पाच वेळा अंडी फिरवायची, पंचविसाव्या दिवसानंतर हात लावायचा नाही, शेवटी ओलावा वाढवायचा. आणि जाता जाता म्हणाला, "लोक बॅटरी लावून अंड्याच्या आत बघत बसतात, तसलं काही करू नकोस. उगाच हिसका बसतो. आणि नाही निघाली पिल्लं, तर फोडायच्या फंदात पडू नकोस. वासानं डोकं उठेल. सरळ पुरून टाकायची."

तिनं तो सांगेल ते ते ऐकलं. का ऐकू नये?

प्रत्येक अंड्यावर एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, म्हणजे कुठलं फिरवलं ते कळावं. पहाटे कामाला जाण्याआधी एकदा, दुपारी नवरा एकदा, घरी आल्यावर तीनदा. पाव आणि पीठ यांनी तिला एक गोष्ट शिकवलीच होती, की उबेला घाई चालत नाही. अठ्ठावीस दिवस झाले. एकोणतीस झाले. बत्तिसाव्या दिवशी तिनं घरामागे खड्डा खणून बाराही अंडी पुरली.

"पहिल्यांदा असंच होतं," दादा म्हणाला. "अजून बारा घेऊन जा."

दुसऱ्या खेपेला दादा स्वतः कपाट बघायला आला. आत हात घातला, नाक मुरडलं आणि म्हणाला, "ओलावा कमी पडतोय तुझा." तिनं कपाटात आणखी एक भांडं ठेवलं. त्या खेपेलाही काही निघालं नाही.

तिसऱ्या खेपेला तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. हाताला बेकरीतल्या व्हॅनिलाचा वास येतो, तो कवचातून आत जात असेल म्हणून ती दोनदोनदा हात धुऊ लागली. नखं मुळापर्यंत कापली. एकदा नवऱ्यानं दार नुसतं उघडून बघितलं तर ती त्याच्या अंगावर अशी काही धावली, की तो बिचारा दिवसभर कपाटासमोरून चवड्यांवर चालत होता. आणि त्याच महिन्यात एका भाच्याच्या साखरपुड्यात पंगतीत बसल्या बसल्या दादा मोठ्यानं म्हणाला, "आमच्या धाकटीनं आत्तापर्यंत चोवीस अंडी उकडलीत, बरं का! आता पुढची बारा चालली आहेत." सगळे हसले. लांबीही हसली, पण मान खाली घालून.

दादानं मग आवाज उतरवून तिच्या पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस गं. ही हाताची गोष्ट असते. बाबांचा हात होता, तो सगळ्यांना नसतो."

ते तिला पटलं. वाईट याचंच वाटतं, की तिला ते पटलं. लहानपणी वडील म्हणायचे ते कौतुकानं म्हणत असतील, तेव्हा कोंबड्या होत्या, सगळं त्या कोंबड्याच करत होत्या, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

तिसऱ्यांदाही अठ्ठावीस दिवस कोरडे गेले. रविवारी सकाळी तिनं घरामागे खड्डा खणला आणि एकेक अंडं उचलून आत ठेवायला लागली. पाचवं अंडं हातातून निसटलं आणि फावड्याच्या पात्यावर पडून फुटलं.

तिनं श्वास रोखला. वास आलाच नाही.

मातीवर पिवळा बलक पसरला होता. पातळ झाला होता, पण पिवळाच होता. ती उठून आत गेली, वाटी घेऊन आली आणि खड्ड्याच्या काठावर बसून उरलेली अकरा अंडी सव्वीस वर्षांच्या सवयीनं वाटीत एकेक करून फोडली. अर्धवट वाढलेलं पिल्लू नाही. डोळ्याचा काळा ठिपका नाही. रक्ताचा एक धागासुद्धा नाही. तिच्या चुकीनं पिल्लं मेली असतील, तर त्यांचं काहीतरी आत सापडायला हवं होतं. एखादं पाच दिवसांचं, एखादं पंधरा दिवसांचं. इथं बाराच्या बारा अंडी एकसारखी कोरी होती. अशी एकजात कोरी अंडी तिनं बेकरीतच पाहिली होती, आणि ती तर खाण्यासाठीच असतात.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "यांच्यात कधी काही नव्हतंच."

नवरा वाटीकडे बघत राहिला.

जनावरांच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. धाकटी दुसऱ्या दिवशी बेकरीतून सुटून त्यांच्याकडे गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भावाकडे नर आहेत ना?"

"आहेत की. पाच-सहा आहेत."

"मग बारात एक-दोन कोरी निघाली असती तर मी म्हटलं असतं, होतं असं. छत्तीसच्या छत्तीस?" बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तुम्ही एक करा. ताजं अंडं पांढऱ्या बशीत फोडून बघा. बलकावर एक बारीक पांढरा ठिपका असतो. नुसता भरीव, वेडावाकडा ठिपका असेल तर त्या मादीला नर भेटलेलाच नाही. ठिपक्याभोवती गोल कडं दिसलं, तर अंडं भरलेलं आहे. आणि ती अंडी कुठल्या खुराड्यातून येतात, तेही बघा."

दादाच्या जागेत रस्त्याच्या बाजूला एक खुराडं होतं. त्यात नुसत्या माद्या असायच्या. त्यांची अंडी खाण्यासाठी विकली जायची. हे धाकटीला माहीत होतं. वर्षानुवर्षं माहीत होतं. पण दादानं दिलेल्या अंड्यांचा आणि त्या खुराड्याचा संबंध तिच्या डोक्यातच आला नव्हता. घरच्या माणसाकडून आणलेल्या वस्तूला कोण उलटसुलट करून बघतं?

ती चौथ्यांदा अंडी आणायला गेली. दादा बाहेर गेला होता. "पुन्हा?" लांबी म्हणाली. ती आत गेली आणि बारा अंडी घेऊन आली. पिशवी देताना तिनं ती क्षणभर जास्तच धरून ठेवली. काहीतरी बोलेल असं वाटलं. मग तिनं ती सोडली.

घरी येऊन धाकटीनं पांढरी बशी पुसली आणि तीन अंडी फोडली. तिन्हींच्या बलकांवर बारीक, भरीव ठिपका होता, बेकरीतल्या अंड्यांवर हजारदा पाहिला होता अगदी तसाच. उरलेली नऊ तिनं फोडली नाहीत. ती तशीच पुन्हा पिशवीत ठेवली.

आता खात्री करून घ्यायची होती ती स्वतःचीच. डॉक्टरीणबाईंनी पत्ता दिला तो बसनं दोन तासांवर राहणाऱ्या एका निवृत्त मास्तरांचा होता. मास्तरांकडे हौसेच्या टर्क्या होत्या. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, एक अंडं घेतलं आणि तिनं काही विचारायच्या आधीच बशीत फोडून तिच्यासमोर धरलं. "मी कुणालाही आधी दाखवतो. ही बघा, बांगडी." खरंच, पांढऱ्या ठिपक्याभोवती सुबक गोल कडं होतं. धाकटी त्या बशीकडे बघत राहिली आणि एकदम तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मास्तर गडबडले. "अहो, अंडंच आहे ते. मी ऑम्लेट करीन त्याचं."

बस खडखडत होती म्हणून मास्तरांनी दिलेली अकरा अंडी तिनं दोन तास मांडीवर स्वेटरमध्ये धरली. घरी आणल्यावर दिवसभर टोक खाली करून निवांत ठेवली, मग कपाटात लावली. आठव्या दिवशी खोलीचे पडदे ओढले आणि नवऱ्याच्या हातातल्या बॅटरीसमोर एकेक अंडं धरलं. पहिल्याच अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लालसर शिरा पसरल्या होत्या, आणि मधोमध काहीतरी हललं.

"लिफ्टचं वायरिंगही इतकं नीट नसतं," नवरा पुटपुटला.

अकरापैकी नऊ भरलेली होती. तेच कपाट, तेच हात. तिला आनंद झाला, पण तो टिकला नाही. बॅटरी विझवून ती अंधारात तशीच बसून राहिली. म्हणजे तीन महिने नखं कापली ती कशासाठी? नवऱ्यावर ओरडली ती कशासाठी? पंगतीत सगळे कुणावर हसले?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दादाच्या जागेवर गेली. लांबी रस्त्याच्या बाजूच्या खुराड्यातून अंडी गोळा करत होती. टोपली अर्धी भरली होती.

धाकटी जाळीच्या बाहेर उभी राहिली. "मला दिलीत ती याच खुराड्यातली ना, वहिनी?"

लांबीच्या हातातली टोपली हलली. पस्तीस वर्षांत तिला धाकटीनं कधी वहिनी म्हटलं नव्हतं, कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"असं काय बोलतेस गं बुटके..."

"याच खुराड्यातली ना?"

लांबीनं टोपली खाली ठेवली. पदर नीट केला, पुन्हा विस्कटला. "मी त्यांना म्हटलं होतं. पहिल्यांदाच म्हटलं होतं, देऊ नका म्हणून. हे म्हणाले, एकदा नाही जमलं की सोडून देईल. तू सोडलंच नाहीस. मग..."

"मग तुम्ही चार वेळा कागदात गुंडाळून दिलीत. एकेक. नीट."

"मी काय करणार होते?"

"माझ्या कानात सांगायचं होतंत. एक शब्द. मी त्याला कळूसुद्धा दिलं नसतं." धाकटीचा आवाज चढला नाही, उलट खाली खाली गेला. "शाळेत तुझ्या दप्तरातली चिठ्ठी मी मास्तरीणबाईंच्या हाती लागू दिली नव्हती. छड्या मी खाल्ल्या होत्या." रागाच्या भरात तिच्या तोंडून पुन्हा "तुझ्या" निघून गेलं, ते तिच्या लक्षात आलं आणि तिला जास्तच वाईट वाटलं.

तेवढ्यात दादा आला. दोघींचे चेहरे बघूनच त्याला सगळं कळलं. आधी त्यानं हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "काय गं, एवढं काय! चुकून मिसळली असतील."

"छत्तीस?"

"कामाच्या गडबडीत होतं."

"दादा, मी अंडी फोडून बघितली. आणि तूच मला फोडू नको म्हणाला होतास. उजेडासमोर धरू नको म्हणाला होतास."

तो जाळीच्या खांबाचा रंग नखानं खरवडत राहिला. मोठा अंगापिंडाचा माणूस, पण त्या क्षणी बादल्या भरणाऱ्या मुलासारखा दिसत होता.

"मी तुझा धंदा काढून घेणार होते का रे? बारा पिल्लांनी? नाही म्हणाला असतास तर मी परत मागितली नसती. तू हो म्हणालास. आणि मग माझ्या घरी येऊन, माझ्या कपाटात हात घालून, नाक मुरडून गेलास. का?"

त्यानं रंगाचा एक पोपडा उपटून खाली टाकला. मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "कारण तुला जमलं असतं."

"म्हणजे?"

"पहिल्या खेपेलाच जमलं असतं. मला माहीत होतं. इतकी वर्षं मी हे सगळं उभं केलं, लोक म्हणतात बाबांचा हात याच्यात आलाय. मीही म्हणतो. आणि तू पाव फुगवायच्या खोक्यात..." तो थांबला. "बाबा शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होते. दवाखान्यात मी होतो, रोज मी होतो, आणि ते नर्सला सांगायचे, हात आमच्या धाकटीचा."

तिला त्याची दया आली. खरंच आली. पण त्या दयेच्या खाली राग होता तो काही हलला नाही. कुणी परक्यानं केसानं गळा कापला असता तर तिनं चार शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाली असती. रोज तिची वेणी घालणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती वळली. लांबी फाटकापर्यंत मागोमाग आली, पण धाकटीनं मागे पाहिलं नाही.

उरलेले दिवस तिनं कुणाला काही सांगितलं नाही. पंचविसाव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवलं, ती जाळीवर आडवी ठेवली आणि ट्रेमध्ये गरम पाणी वाढवलं. काचेवर वाफ धरली. सत्ताविसाव्या दिवशी सकाळी तिनं कपाटाला कान लावला तर आतून चिवचिव ऐकू आली. अंडी अजून शाबूत होती, आणि आवाज त्यांच्या आतून येत होता.

तिनं बेकरीत फोन करून सुट्टी घेतली. दुपारी पहिल्या अंड्याला बारीकसा टवका पडला. मग तासन् तास काही नाही. नवऱ्याचा जीव खालीवर व्हायला लागला. "अगं, थोडं कवच काढून देऊ या का? अडकलंय ते."

"हात लावायचा नाही. दमलंय, विसावा घेतंय. त्याचं त्याला येऊ द्या."

हे सांगताना तिच्या लक्षात आलं, की ही विसाव्याची गोष्ट दादानं शिकवलेली नव्हती, डॉक्टरीणबाईंनीही नाही. हे तिला आधीपासून माहीत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सात पिल्लं बाहेर आली होती. ओली, मानेत बळ नसलेली, एकमेकांवर पडणारी. दोन अंडी तशीच राहिली. तिनं ती नंतर फोडून बघितली आणि त्यांच्यात पुरी वाढलेली पिल्लं पाहून त्यांच्यासाठी वेगळी रडली. टर्कीच्या पिल्लांना पाणी प्यायचंही शिकवावं लागतं. तिनं उथळ बशीत रंगीत गोट्या टाकल्या, चमक बघून पिल्लं त्यांच्यावर चोच मारायला गेली आणि पाणी प्यायला शिकली. नवरा जमिनीवर पालथा पडून प्रत्येकाची चोच ओली झाली की मोजत होता.

बातमी काही लपून राहिली नाही. आणि आठवड्याभरात तिला एका भाचीकडून कळलं, की दादा सगळ्यांना सांगतोय, "शेवटी जमलं आमच्या धाकटीला. अंडी माझ्याकडचीच!"

हे ऐकून ती जेवणाच्या ताटावरून उठली. पहिल्या वेळी त्यानं जे केलं ते जळफळाटातून केलं, असं तिनं मनाला समजावत आणलं होतं. आता ती समजूतही गेली.

पुढच्या वर्षी ती बेकरीतून निवृत्त झाली. सात पिल्लांपैकी सहा जगली होती, त्यांत दोन नर होते. डॉक्टरीणबाईंनी तिला एका शनिवारी दवाखान्याच्या हॉलमध्ये बोलावलं. घरी अंडी उबवू पाहणारी वीसेक माणसं जमणार होती, त्यांना तिनं दाखवायचं होतं. तिनं टेबलावर पांढऱ्या बशा मांडल्या, एका बशीत बेकरीतलं अंडं फोडलं, दुसरीत स्वतःच्या टर्कीचं, आणि लोकांना रांगेनं येऊन ठिपका आणि बांगडी बघायला सांगितलं. "आधी हे बघायचं," ती म्हणाली. "कुणीही अंडी दिली तरी. सख्ख्या माणसानं दिली तरी."

मागच्या रांगेत दादा बसला होता. तो कधी आला ते तिला कळलं नव्हतं. सगळ्यांचं बघून झाल्यावर तो उभा राहिला आणि ओळख करून दिल्यासारखा म्हणाला, "आम्हा दोघांना वडिलांनी शिकवलं. आणि हिची सुरुवातीची अंडी माझ्याकडचीच."

लोकांनी कौतुकानं माना वळवल्या. धाकटीनं हातातली बशी खाली ठेवली.

"हो," ती म्हणाली. "सुरुवातीच्या तीन खेपांची अंडी दादाकडची. त्यांच्यातून एकही पिल्लू निघालं नाही. ज्यांतून निघाली ती एका मास्तरांकडची."

तिच्या आवाजात काही नव्हतं. हॉलमधल्या कुणाला त्यात विशेष वाटलंही नाही. एका बाईनं लगेच हात वर करून विचारलं की ट्रेमध्ये पाणी साधं घालायचं की उकळलेलं, आणि धाकटी त्या बाईला उत्तर द्यायला लागली. तिनं पुन्हा पाहिलं तेव्हा मागची खुर्ची रिकामी होती.

त्यानंतर त्यानं ते कुठं सांगितल्याचं तिच्या कानावर आलं नाही. दोन्ही घरांचं जाणं-येणं काही तुटलं नाही. दादाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं आठवडाभर त्याचा डबा केला. तो तिला धाकटी म्हणतो, ती त्याला दादा म्हणते. लांबी अधूनमधून काही ना काही पाठवते, कधी स्वतः घेऊन येते. घरच्या झाडाचे पेरू, विणलेली टोपी, बिस्किटांचा डबा. धाकटी "बसा वहिनी" म्हणते, पाणी देते. आणि लांबीनं पिशवी पुढे केली की ती तिच्यासमोरच उघडते, आत हात घालून एकेक वस्तू बाहेर काढून बघते, उलटीसुलटी करते, आणि मगच ती आत नेऊन ठेवते. लांबी खुर्चीच्या कडेवर बसून ते बघत असते.